पेडलवरचा पाय

जळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक ट्रकवाले आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बसले होते. सोबत बायको, अक्का, आणि फोनच्या स्पीकरवर त्यांचा ड्रायव्हर नवल, चोपड्याहून.

“आबा, केळीनी गाडी भरेल शे, अन् क्लचनं पेडल खालेच ऱ्हास. गेर पडत नही.”

“लाइनमा हवा शे. काढ.”

“तीनदाव काढी. क्लीनर ईश्वर पेडल दाबस, मी गाडीखाले हवा काढानं निपल खोलस. हवा परत येस.”

“ऑइल देख.”

“डबी भरेल शे.”

“मंग थांब. ऑपरेशन राहू दे, मी निंघस.”

“फोन मन्हाकडे द्या. नवल, ईश्वर पाय कवय उचलस? निपल बंद व्हवाना पहिले का नंतर?”

“पहिलेच, अक्का.”

“मंग तुम्हीच हवा मझार ओढतस! निपल बंद करीसन तू आवाज दे, तवयच त्यानी पाय उचलाना.”

“तुले काय समजस त्यामा?”

“बत्तीस वरीस तुम्ही गाडीखाले व्हतात. वर पेडलवर पाय कोना व्हता?”

फोनमधून नवलचे आवाज येत राहिले. बंद! उचल! बंद! उचल!

“अक्का, पेडल वर उनं! कडक शे!”

“प्रेमराज पाटील, ऑपरेशनला आत चला.”

“जा तुम्ही. नवल, फोन ठेवू नको. आखो दोनदाव हवा काढ.”