सोमवारी बंद मैदानावर अठरा होल खेळल्याबाबत

जबाब, बुधवार, सकाळी ११.१० वाजता

नाव: नोंदवहीत घेतले आहे, डोंगरावर सगळे मला मास्तर म्हणतात. वय: ६७ वर्षे. धंदा: कॅडी, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलणारा, सदतीस वर्षे हेच काम केले, आता निवृत्त. राहणार: डोंगराच्या पायथ्याची कामगार वसाहत, खोली नंबर ११.

मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे, मला कोणी धरून आणलेले नाही. विचारल्यावरून सांगतो की,

डोंगरावरच्या खाजगी गोल्फ मैदानाच्या सेक्रेटरीसाहेबांनी काल तक्रार दिली. सोमवारी मैदान बंद असताना कोणी आत शिरून खेळले व नासधूस केली, आणि त्यांचा संशय माझ्यावर आहे, असे तीत म्हटले आहे. संशय कशाला हवा, मीच तो. खेळलो हे खरे आहे. नासधूस केली हे साफ खोटे आहे, आणि तेवढे सांगायला मी दुखरा गुडघा घेऊन इथवर आलो.

कॅडीने पिशवी उचलायची, वारा सांगायचा, गवतात गेलेला चेंडू शोधायचा. खेळायचे नाही. तसा बोर्डच लावलेला आहे. सदतीस वर्षे मी हजारो वेळा काठी दुसऱ्याच्या हातात दिली, स्वतः एक फटका मारला नाही. पण डोंगर मला तोंडपाठ आहे. होलमध्ये रोवलेल्या झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर नवा माणूस हमखास फसतो, कारण तिथे चढ दिसतो तो चढ नसतो. चेंडू दरीकडेच ओढ घेतो. हे मी सांगायचो, साहेब मारायचे आणि टाळ्या साहेबांना. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग आत्ताच काय घाई होती, असे हवालदारांनी विचारले. पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, त्यानंतर घरातला जिना चढलात तरी पुष्कळ झाले. मैदान फक्त सोमवारी बंद असते. हिशोब करा.

आत कसा गेलो असे विचारता सांगतो की, पश्चिमेच्या तारेच्या कुंपणावरून चढून गेलो. कुंपण सहा फूट आहे. मी एकटाच होतो. माझी मुलगी त्याच मैदानावर गवत राखणाऱ्या माळ्यांची मुख्य आहे व फाटकाची किल्ली तिच्याकडे असते, पण तिला यातले काही माहीत नाही. ती घरी झोपली होती. हवालदारांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिले. मी म्हणालो, बघताय काय, लिहा. तिची नोकरी या महिनाअखेर कायम व्हायची आहे. त्या जागेवर आजवर एकही बाई नव्हती. फाटक कोणी उघडले हे सेक्रेटरीसाहेब सगळ्यांना विचारत फिरताहेत, म्हणून दोनदा लिहा, तिला काही माहीत नाही.

सकाळी ६.२० ला सुरुवात केली, ११.४० ला संपवले. अठरा होलना एकशे एकवीस फटके लागले. मेंबर लोक याहून जास्त मारतात आणि कमी लिहितात. दुसऱ्या होलला चेंडू तीनदा झुडपात गेला, तेव्हा जो हसण्याचा आवाज झाला तो माझाच. सातव्या होलला मात्र पंधरा पावलांवरून, दरीचा अंदाज धरून, असा ढकलला की सरळ आत! मी मोठ्याने शाब्बास म्हणालो. एवढ्या लांबून ढकलताना झेंडा धरायला कोणी लागते ना, असे हवालदारांनी विचारले. त्यांना गोल्फमधले इतके कळते हे मला माहीत नव्हते. झेंडा मी काढून बाजूला ठेवला होता.

नासधुशीबद्दल सांगतो. चेंडू पडून हिरवळीत खळगे होतात. ते ज्याचे त्याने बुजवायचे असतात, पण वाकायचे कोणी? मी माझे बुजवले, आणि हात थांबेना म्हणून मेंबरांचेही चाळीसेक बुजवले. वाळूच्या खड्ड्यांतले रविवारचे पायांचे ठसे दाताळे ओढून साफ केले आणि दाताळी काठावर, दांडे एका रेषेत ठेवली. तिथेच मी सापडलो. मंगळवारी पहिले मेंबर आले ते म्हणाले, मैदान एवढे नीट कसे, नक्कीच कोणीतरी घुसले होते. दाताळी पाहून सेक्रेटरीसाहेब म्हणाले, हे मास्तरचेच काम. खोटे कशाला बोलू, ऐकून बरे वाटले. तक्रारीत त्याला 'वाळूच्या रचनेत फेरफार' म्हटले आहे. धन्य आहे.

जबाब इथवर आला असताना ११.५० वाजता माझी मुलगी कामाच्या बुटांतच ठाण्यात आली. मी तिला घरी जा म्हणालो. ती गेली नाही. ती हवालदारांना म्हणाली, "कुंपणाचं खोडा. बाबांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढता येत नाही. फाटक मी उघडलं, झेंडा मी धरला, आणि सेक्रेटरीसाहेबांना तसं लेखी देऊनच इकडे आलेय."

मी म्हणालो, "अगं वेडे, महिनाअखेरपर्यंत तरी गप्प बसायचंस!"

तिने खिशातून सोमवारच्या फटक्यांचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. अठरा आकडे, खाली बेरीज, आणि प्रत्येक फटका पाहणाऱ्याची म्हणून तिची सही. ती म्हणाली, "एकट्याने खेळलेला खेळ धरत नाहीत, बाबा. हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही एकटे होता म्हणालात, तर तुम्ही खेळलाच नाहीत."

मला रडू आले. हे लिहू नका म्हटले, तरी हवालदारांनी लिहिले.

तिच्या नोकरीचे काय होईल ते मला माहीत नाही. कार्ड पुरावा म्हणून जमा करून घ्यावे व काम झाल्यावर परत मिळावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. कुंपणावरून चढलो, मुलगी झोपली होती, तिला काही माहीत नाही (दोन्ही ठिकाणी), झेंडा बाजूला ठेवला, हे माझ्या सांगण्यावरून खोडले. 'मी एकटाच होतो' हे मी स्वतःच्या हाताने खोडले आणि तिथे 'आम्ही दोघे होतो' असे लिहून सही केली. आता बरोबर आहे.