शिकारघराचं दार

आदरणीय अध्यक्षा श्रीमती फिलिपा रुक, व्यासपीठावर बसलेले आमच्या चर्चचे रेव्हरंड डंकन ओर, ज्यांच्या हरणांच्या रमण्यात आम्ही पंधरा वर्षं हक्कानं खणून चिखल केला ते जमीनमालक श्री. ह्यू बार्टलम, कोल्डहर्स्ट इतिहास मंडळाचे सभासद, केक करून आणणारे आणि नुसतेच खायला आलेले समस्त ग्रामस्थ, आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. अँब्रोज टकवेल,

अँब्रोज, तुम्हाला आता माणसांच्या जागी नुसत्या सावल्या दिसतात, म्हणून आधी तुम्हाला सांगते. सभागृह भरलंय. मागे भिंतीशी काहीजण उभे आहेत. तुमच्या डावीकडची खुर्ची तेवढी रिकामी आहे. तिच्यावर तुम्हीच टोपी ठेवलीय, त्यामुळे तिथे बसायचं धाडस कोणी केलेलं नाही.

मंडळाची चिटणीस म्हणून हे भाषण माझ्याकडे आलं. अँब्रोजना विचारायला गेले तर म्हणाले, "दोन मिनिटं बोल, ज्युडिथ. आणि रडायचं असेल तर बाहेर मातीच्या ढिगामागे जाऊन रड, सगळे रडतात तसं." दोन मिनिटांचं मी कबूल केलं नव्हतं. परवा सकाळी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन येईल आणि ते समुद्रकाठच्या वृद्धनिवासात राहायला जातील. मग दोन मिनिटांत काय काय बसवायचं?

आपल्या रमण्याभोवतीचा बांध तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बांधाच्या आतल्या अंगाला चर. एके ठिकाणी बांध मुद्दाम असा रचलाय, की बाहेरचं हरीण उडी मारून सहज आत यावं, पण आतल्याला बाहेर पडता येऊ नये. शनिवारी आमच्याबरोबर खणायला आलेल्या नव्या माणसाला अँब्रोज आधी तिथे नेतात. "साडेसहाशे वर्षांपूर्वी हरणांसाठी केलं हे," ते सांगतात, "पण शनिवारी माणसंही अडकतात. बघ बाई, अजून वेळ गेलेली नाही." मला त्यांनी हे अकरा वर्षांपूर्वी सांगितलं. आईचं घर रिकामं करून झालं होतं त्या वर्षी, आणि शनिवारी करायला काही उरलं नव्हतं. मी एकाच शनिवारसाठी गेले होते.

आम्ही खणत होतो ते रमण्यातल्या जुन्या शिकारघराचे अवशेष. शिकारघर म्हटलं की लोकांना शिंगं, मेजवान्या, घोडे आठवतात. आम्हाला काय सापडलं? शिजवायचं एक मडकं, फुटलेलं. एक सुरी. जळालेल्या चुलीची जागा. उमराव मंडळी यायची वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बाकीचे दिवस तिथे एकच माणूस राहायचा, हरणांचा राखणदार. त्याच्या चुलीशेजारच्या दगडावर टोकदार काहीतरी घेऊन नवकंकरीचा पट कोरलाय. खेळ दोघांचा. मी विचारलं, "हा खेळायचा कोणाबरोबर?"

"स्वतःशीच," अँब्रोज म्हणाले. "आणि हरायचासुद्धा."

सगळे हसले. मीही हसले. मग घरी जाऊन एका माणसाचं सूप गरम केलं.

राहिलं दार. भिंतींचे दगड गावानं शतकानुशतकं उचलून नेले (तुमच्यापैकी काहींच्या गोठ्यांत ते अजून आहेत, नावं घेत नाही), त्यामुळे दार कुठल्या बाजूला होतं ते कळायला मार्ग नव्हता. बेचाळीस वर्षांपूर्वी अँब्रोज आणि त्यांची पत्नी मार्जरी या दोघांनी तिथे पहिल्यांदा खणलं, आणि उन्हाळाभर याच गोष्टीवरून भांडले. अँब्रोज म्हणायचे, दार पश्चिमेला. रस्ता तिकडून येतो, घोडेस्वार तिकडून यायचे. मार्जरी म्हणायच्या, पूर्वेला, कुरणाकडे. "घर कोणाचं? येणाऱ्याचं की राहणाऱ्याचं?" पुढच्या वसंतात मार्जरी गेल्या. चौतीस वर्षांच्या होत्या. अँब्रोजनी खणायची करणी खाली ठेवली ती सत्तावीस वर्षं.

परत आले ते आम्हाला घेऊन. आम्ही पंधरा वर्षं खणलं, सगळं पश्चिमेला. पूर्वेचं नाव काढलं की म्हणायचे, "तिकडे आमचं खणून झालंय. तिकडे काही नाही." त्यांच्याशी वाद कोण घालणार?

या उन्हाळ्यात ते तीन शनिवार डोळ्यांच्या दवाखान्यात होते. सप्टेंबरअखेर आम्ही खणलेले चर बुजवायचे, हे श्री. बार्टलम यांच्याशी ठरलेलं. दार मिळाल्याशिवाय अँब्रोज निघाले तर समुद्राकडे तोंड करून पश्चिमेचाच विचार करत बसतील, हे मला दिसत होतं. मी त्यांना न विचारता पूर्वेला एक छोटा चर उघडला.

खड्डा लागला. काळसर, मिसळलेली माती, नीट कापलेल्या कडा. मी मोजला, आखला, नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'राखणदाराचा कचऱ्याचा खड्डा, चौदावं शतक.' साडेदहाच्या चहाला मी जाहीरही केलं. अकरा वाजता चौदाव्या शतकाच्या तळातून मार्मलेडची बरणी निघाली.

आधीच्या खणणाऱ्यांनी बुजवलेल्या चराला मध्ययुग समजणं! आमच्यात याहून मोठी फजिती नाही. मंडळींनी मला अजून सोडलेलं नाही, मघाशी केक देताना कोणीतरी म्हणालं, "चौदाव्या शतकातला आहे, जपून खा." पण ती बरणी कोणी चुकून टाकलेली नव्हती. चर बुजवण्याआधी तळाशी त्या वर्षाची एक खूण ठेवायची, आपल्याआधी कोणी येऊन गेलं हे पुढच्यांना कळावं म्हणून, ही आमची रीत. बरणीत चिठ्ठी होती. मी ती वाचली, आणि आठ दिवस कोणालाही सांगितली नाही.

पुढच्या शनिवारी अँब्रोज आले. त्यांच्या एका हातात चहा दिला, दुसऱ्यात बरणी. त्यांनी तिचा काठ अंगठ्यानं चाचपला.

"मार्मलेड," ते म्हणाले. "आठवडाभर टोस्टवर दुसरं काही मिळालं नाही मला. बाईसाहेबांना बरणी रिकामी हवी होती."

"ती तिथे होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच माती लोटली तिच्यावर."

"मग इतकी वर्षं..."

"ती म्हणाली, ही पुढच्यांसाठी आहे, तू वाचायची नाहीस. मी पुढचा नव्हतो गं. मी तेव्हाचाच होतो." मग थोडा वेळ चहा प्यायले. "उघडलीस ना? वाच आता. मला तिचं अक्षर दिसायचं नाही. जरा जास्तच थांबलो मी."

मी वाचली. 'पुढे खणणाऱ्यांस. अँब्रोज म्हणतो दार पश्चिमेला आहे. ते पूर्वेला आहे, इथेच जवळपास. पाऊस आला, वेळ संपला. सापडलं तर त्याला सांगा. हसू नका. मार्जरी.'

"हसू नका असं लिहिलंय?"

"हो."

"मग तू हसतेस का?"

"मी हसत नाहीये, अँब्रोज."

"अच्छा," ते म्हणाले. "मग मीच असेन."

मार्जरींचा चर जिथे संपला होता तिथून वीतभर उत्तरेला उंबरा लागला. एकच दगड, मधोमध पायांनी खोलगट झालेला. वीतभर! अँब्रोज गुडघ्यांवर बसले आणि त्या खोलग्यात हात ठेवून राहिले. मग विचारलं, "इथून काय दिसतं?"

"गवत. हरणं."

"आणि रस्ता?"

"रस्ता नाही दिसत."

"बरं झालं," ते म्हणाले. "पश्चिमेला दार असतं तर बिचारा जन्मभर रस्त्याकडे बघत बसला असता."

मंडळी, चर आता बुजलाय. वरून हिरवळ लावलीय, हरणं तिथे चरतात. तळाशी या वर्षीची बरणी आहे, मार्मलेडचीच. आतली चिठ्ठी अँब्रोजनी सांगितली, मी लिहून घेतली, आणि कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं. ते वचन मी आता मोडते आहे. 'मार्जरी. पूर्वेला. मान्य. अँब्रोज.'

श्री. बार्टलम यांच्या औदार्याबद्दल, अध्यक्षांच्या संयमाबद्दल आणि आपण सर्वांनी थंडीत इतका वेळ बसून ऐकलंत त्याबद्दल मंडळाच्या वतीनं मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. आणि अँब्रोज, वचनाचं तेवढं तुम्ही माफ करा. पण मार्जरींनी 'सांगा' म्हटलं होतं, आणि मी पुढच्यांपैकी आहे.

चहा बाहेरच्या खोलीत आहे. टोपी घ्या. दार तुमच्या उजव्या हाताला आहे, पूर्वेला. चला, मी येते बरोबर.