नियमानं सोडलेला कोपरा

माहा जलम आष्टीकडचा, पण तिकडचं मले काई सांगता येत नाई, कारण का मी चालाले लागलो अन् माह्या बापानं बिस्तर उचलला. बाप सालदार होता. तुम्ही शहरातले, तुमाले सांगाच लागन, तं सालदार म्हणजे वर्षभर एका मालकाच्या घरी बांधून राहाचं, त्याचे बैल ते आपले बैल, त्याचं वावर ते आपलं वावर, फक्त सातबारा त्याचा. बापाच्या मांगं मीबी तेच केलं. बोरगाव मेघेच्या कडेले मालकाचं वावर होतं, काळंभोर, कापसाची पराटी छातीले लागे, तिथं माही उमर गेली. घर म्हणाल तं नव्हतंच. मालकाच्या गोठ्याले लागून एक खोली, पावसाळ्यात आम्ही अन् बैल एकाच ओलीत. म्हणून मले घराचं भल्लं याड होतं, कोणाले सोन्याचं राह्यते, मले आपल्या चार भिंतीचं होतं. हे लिवून घ्या, कारण का पुढं मी जे केलं ते ह्याच्याच पायी केलं.

त्या वावरात नाल्याच्या अंगाले एक हिवर होता. हिवराच्या सावलीत आमच्याकडं कोणी भाकर खात नाई, बैलबी बांधत नाई. त्याच्या भवतालची जागा आम्ही कधी वखरली नाई, तिथं लेकरं ठेवत. दात न आलेलं लेकरू गेलं तं त्याले जाळत नाई ना जी, पुरते. आजूबाजूच्या वस्तीतल्या मजूर लोकाईची लेकरं, कोणाचं तापानं गेलं, कोणाचं जलमतानाच. बाप नाईतं मामा फडक्यात गुंडाळून आणे, अन् कुदळ माह्या हातात, कारण का वावर माह्या ताब्यात. खाली मीठ, वरून मीठ, मंग माती, मंग बाभळीचे काटे अन् एक दगड. आणणाऱ्यानं लेकरू ठेवलं का पाठ फिरवाची अन् चालाले लागाचं, मांगं पाहाचं नाई, माती मीच लोटू. माईले तं जागा सांगतच नाई. सांगतली का बाई तिथंच जाऊन बसते अन् पुढचं लेकरू पोटी थांबत नाई, असं बुढे लोक म्हणत. म्हणून कोण कुठं आहे हे एकाच माणसाले माहीत, मले. लिवता येत नव्हतं तं मी पावलानं ध्यानात ठेवलं, हिवराच्या बुडापासून नाल्याकडं इतके पावलं, मंग उजवीकडं इतके. माही पयली पोरगीबी तिथंच. सहा दिवसाची होती. रुखमानं, म्हणजे माह्या बायकोनं, कधी इचारलं नाई अन् मी कधी सांगतलं नाई. मांगून दोन पोरं झाले, ते आहेत, चांगले आहेत.

आता नव्वदच्या सालापुढची गोष्ट. वर्धा वाढून राह्यलं होतं, मालकाच्या पोट्ट्याईले शेती नको होती, तं वावरात लेआउट टाकाचं ठरलं. इंजिनेर आला, नकाशा काढला, रोडच्या अंगाले बंगल्याचे मोठे प्लॉट, मधात पोट्ट्याईले खेळाले ओपन स्पेस, सगळं कसं आखूनरेखून. पण मालकाले कचेरीत सांगतलं का बावा, असे मोठेच मोठे प्लॉट चालत नाई, थोडे लहान प्लॉट गरिबाईसाठी काढाच लागते, नियम आहे, नाईतं नकाशा पास होत नाई. मालक आधी चिडला, मंग हसला, म्हणे काढा ना, नाल्याकडं काढा, हिवरापाशी, तिथं तसंबी काई पिकत नाई. मले बाजूले घेतलं अन् म्हणे, नामदेवा, तुले एक प्लॉट देतो, सालदारकीची बिदागी समज, तुह्या लोकाईलेबी हप्त्यानं देतो. पण पाहणीले साहेब येईन तवा तोंड बंद ठेवजो. तिथं काई होतं म्हणून सांगतलं तं ती जागा घराले देत नाई, अन् रोडवरची जागा मी गरिबाले देईन असं तुले वाटते काय?

साहेब आले ते भर दुपारी, होळी होऊन गेली होती, हवा नव्हतीच, अन् हिवराच्या शेंगा तेवढ्या वाजून राह्यल्या होत्या. मी हे आज म्हणून राह्यलो का हवा नव्हती, तवा माह्या ध्यानात नाई आलं. साहेब चांगला माणूस होता, डोक्याले रुमाल बांधलेला. त्यानं इचारलं, बाबा, इथं विहीर, मसनवट, समाधी, असं काही होतं का? मालकानं माह्याकडं बोट केलं, ह्याले इचारा, हा इथंच बुढा झाला. काय सांगू तुमाले, माह्या जिभेवर होतं. पण मांगं वस्तीतले लोक उभे होते, धा घरचे, टिनाच्या झोपडीत राहणारे, बाया डोक्यावर पदर घेऊन, अन् सगळ्याईचे डोळे माह्या तोंडावर. त्यातल्या बाप्या माणसाईले ठाऊक होतं का हीच ती जागा. बायाईले एवढंच माहीत का आपलं लेकरू मालकाच्या वावरात कुठंतरी आहे. मी म्हणलं, नाई साहेब, पराटीच होती. साहेबानं लिवून घेतलं.

मंग नंबर वाटाची पाळी आली. मालक म्हणे तुमचं तुम्ही ठरवा. तवा मी एक अक्कल चालवली, अक्कल म्हणा नाईतं काय म्हणाचं ते म्हणा. मी पावलं मोजून पाह्यलं अन् ज्याचं लेकरू ज्या प्लॉटात येते तो नंबर त्याच्या गळ्यात टाकला. ह्याले म्हणलं तू चारचा घे, हवेशीर आहे, त्याले म्हणलं तुले सातचा बरा, कोपरा भेटते. माह्या मनानं असं घेतलं का आपलं लेकरू परक्याच्या पायाखाली काऊन, आपल्याच घरी राहो. किसन म्हणून एक होता, हमाली करे, सिंदीले कापसाच्या गाठी उचले, त्याले शेवटचा अकरावा देल्ला, त्याचा पोरगा तिथं होता.

अन् पाया खोदाची वेळ आली का मी जाऊन उभा राहू. मले चार शब्द कचेरीचे ऐकून ऐकून पाठ झालते. मी म्हणू, बावा, हा कोपरा सोडा लागते, मार्जिन आहे, नियम आहे, नाई सोडला तं साहेब येऊन पाडते. कोणाचा उजव्या अंगाचा कोपरा, कोणाचा मांगचा, कोणाच्या दाराच्या अगदी तोंडाशी. लोक म्हणत हा कसा नियम आहे रे नामदेव, घराघराले वेगळा? मी म्हणू, साहेबाची टेप आहे ते, आपल्याले काय समजते. नियमाले गरीब माणूस लय भेते जी, देवाले भेत नाई तितका. सगळ्याईनं सोडला. घरं वाकडीतिकडी झाली पण पक्की झाली, विटाची. माह्या घरीबी तसाच एक कोपरा सोडला, न्हाणीच्या बाजूले. रुखमा म्हणे इथं काऊन सोडली जागा, इथं तं चूल झाली असती. मी म्हणलं मार्जिन. ती म्हणे बरं.

फक्त एका घरी मी नव्हतो. आष्टीले माहा चुलता वारला, तेरवी करून आलो तं किसनचा पाया भरून झाला होता. कोपरा सोडला नव्हता, पूर्ण प्लॉटभर घर घेतलं होतं, अन् मी मनातल्या मनात पावलं मोजली तं बरोबर सैपाकखोली. मी त्याले इचारलं, खोदताना काई निघालं काय रे? म्हणे काई नाई, ओल निघाली फक्त, भल्ली ओल. वैशाखाचा महिना होता. मी तसाच घरी आलो.

आता पुढचं तुमाले पटो का न पटो. ह्या सोडलेल्या कोपऱ्याईत गवत उगवत नाई अन् धूळबी बसत नाई, झाडल्यावानी राह्यते, बाया म्हणत आमी तं झाडलंच नाई. कोंबड्या तिथपर्यंत येते अन् वळसा घेऊन जाते. रुखमाले मात्र तीच जागा आवडे. तांदूळ निवडाचे तं तिथं, वेणी घालाची तं तिथं. एक दिवस मले म्हणे, आवो, एक सांगू, हसू नका, तिथं बसलं का मले पान्हा फुटल्यावानी होते. आता तिची उमर पन्नाशीले टेकलेली, नाती खेळवाची. चोळी ओली झाली होती, मी माह्या डोळ्यानं पाह्यली. मी म्हणलं घाम असन. ती म्हणे, घाम मले माहीत नाई काय?

अन् तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोट्टे लाकडाचे नंदी सजवून आणते, चाकाचे, दोरीनं ओढत. आमच्या लायनीतले पोट्टे ओपन स्पेसमधी जमले, पाण्याची झड येऊन गेलती, चिखल मऊ, ऊन पडलेलं. खेळ झाला, पोट्टे बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मांगाले बंगल्याकडं गेले. मी घराकडं आलो तं पाह्यतो काय, चाकाच्या दोन-दोन रेघा, बारीक, करंगळीएवढ्या, ओपन स्पेसातून निघाल्या अन् घरोघरच्या त्या कोपऱ्यात जाऊन थांबल्या. वापस निघालेली एकबी नाई. अन् रेघेच्या बाजूले पावलाचा ठसा नाई, ना पोट्ट्याचा, ना कोंबडीचा. फक्त किसनच्या घरापाशी त्या रेघा भिंतीपर्यंत गेल्या होत्या, अन् मंग भिंतीच्या कडेकडेनं घराले पुरा वळसा घालून पुन्हा तिथंच, जागा सापडत नसल्यावानी. मी पायानं सगळ्या मिटवल्या.

किसन पुढं वारला, त्याची बायको वच्छला एकटी राह्यली. ती रुखमाजवळ सांगे, माह्या घरी दूध उतू जात नाई बाई. गॅसवर ठेवून विसरली तरी जात नाई, वर येते अन् खाली बसते, पाह्यलं तं घोटभर कमी. आमच्या घरच्या बाया हसल्या, म्हणे बोका असन. वच्छला म्हणे दार लावलेलं राह्यते.

असे धा-बारा वर्सं गेले. मंग एक नवीन साहेब आला, घरं कायम कराची, कागद पक्के कराचे म्हणून. दिवसाढवळ्या, सगळ्याईसमोर, टेप घेऊन घर घर मोजलं, अन् कोपऱ्यापाशी आला का थांबे. म्हणे ही जागा का सोडली तुम्ही? लोक म्हणे, मार्जिन साहेब, नियम आहे ना. साहेब म्हणे, कसलं मार्जिन? गरिबांच्या लहान प्लॉटांना त्या नियमातून सूट होती, बाजूला भिंतीला भिंत लावून बांधता आलं असतं, इंचभर जागा वाया जाऊ नये म्हणून तर तो नियम होता, तुम्हाला हे सांगितलं कोणी? सगळ्याईनं माह्याकडं पाह्यलं. साहेब हसला अन् फुडच्या घरी गेला, पण बाया नाई हसल्या. एकीनं आपल्या कोपऱ्याकडं पाह्यलं, मंग हिवराकडं, मंग माह्याकडं. मंग दुसरीनं. माह्यावर कोणी ओरडलं असतं तं मले बरं वाटलं असतं. त्या आपापल्या घरात गेल्या. त्या दिवशी लायनीत सैपाकाचा धूर नाई निघाला.

रुखमा अंगणात तशीच उभी होती. मले म्हणे, डोकं कोणीकडं आहे? बस इतकंच. मी म्हणलं, हिवराकडं. तिनं त्या जागेवर हात ठेवला अन् मी पयल्यांदा तिले मोठ्यानं रडताना पाह्यलं, इतक्या वर्सानं, सहा दिवसाच्या पोरीसाठी. मीबी रडलो. आज पोरगा म्हणते बाबा तिथं खोली काढू, सूट आहे, तं त्याची माय त्याले म्हणते, जागा कमी पडत असन तं माडी चढव. लायनीत एकाचाबी कोपरा अजून बांधला गेला नाई.

पण माहं सांगणं इथं संपत नाई ना. तिसऱ्या दिवशी वच्छला आली. भाऊ म्हणते ती मले. दारात बसली, पाणीबी नाई घेतलं. म्हणे, भाऊ, सगळ्याईच्या घरी कोपरा आहे, माह्याच घरी नाई, मंग माहा कुठं आहे? मी तिच्या तोंडाकडं पाहू शकलो नाई. एक डाव साहेबापुढं खोटं बोललो तं अकरा घरं उभी राह्यली. आता खरं बोललो तं हिचं घर पडते, अन् हे बाईमाणूस घर पाडून जाईन कुठं? मी म्हणलं, बाई, तुहा हिवराखाली आहे, अगदी बुडाशी, चांगल्या जागी आहे. तिचं तोंड असं उजळलं जी, माह्या पायावर डोकं ठेवलं तिनं, म्हणे भाऊ, तुहं भलं होवो.

आता मी सत्तरीचा झालो, दिसाले कमी येते, पावलं अजून पाठ आहेत. तुमचं सगळ्याईचं घर उभं राहो, सुखाचं राहो, मी कोणाचं वाईट चिंतत नाई. वच्छला रोज सकाळी एक वाटी दूध घेऊन जाते हिवराखाली, सावलीत बसते, गोष्टी करते त्याच्याशी, झोपला काय रे, उठला काय रे. मंग रिकामी वाटी घेऊन घरी येते अन् त्याच्या छातीवर उभी राहून भाकरी टाकते.