आग पुढच्या पाटीवर लागेल

धाकटा : बाबा, तिला सांगा, एवढी छत्री घेऊन फूटपाथच्या मधोमध चालू नकोस म्हणावं. माझा डोळा जाईल.

बाबा : ताई, हा म्हणतोय—

ताई : ऐकलं. त्याला सांगा, त्या डोळ्याने तसंही त्याला काही दिसत नाही.

बाबा : ऐकलंस ना रे? बरं. ही शहराच्या इतिहास-फेरीतली दहा नंबरची पाटी. 'आगीनंतर शहर नव्याने उभारलं.'

धाकटा : आग कधी लागली?

बाबा : पुढच्या पाटीवर लागेल.

धाकटा : म्हणजे आपण उलटे चाललोय? चौदापासून? बाबा, तुम्ही जन्मभर मोजणी खात्यात नकाशेच बघितलेत ना?

ताई : बाबा, त्याला सांगा, बापावर भर रस्त्यात ओरडू नये.

धाकटा : तिला सांगा, तिने मला अक्कल शिकवू नये! आई तीन दिवस दवाखान्यात होती आणि हिला एक फोन करवला नाही. मी पोचलो तेव्हा दारात नुसता चपलांचा ढीग. त्यावरून कळलं मला. चपलांवरून!

ताई : बाबा, पुढे चला.

धाकटा : पाच वर्षं हेच, पुढे चला! तिला सांगा, आज मी गाडीत बसलो की तिचा माझा संबंध संपला.

बाबा : गाडीला दोन तास आहेत. नऊ पाट्या सहज होतील.

(एक नंबरची पाटी. मागे गुडघाभर उंचीचा एक दगड.)

धाकटा : एवढ्यासाठी पायांचे तुकडे पाडले? दगड?

बाबा : 'शहराची सुरुवात येथून झाली.' नकाशा मी उलटा धरला नव्हता रे. मला ही पाटी शेवटी हवी होती.

ताई : बाबा, नको.

बाबा : तुझी शेवटची परीक्षा होती. फोन करू नको, असं ताईला मी सांगितलं. शपथ घातली. मला वाटलं, आई चार दिवसांत घरी येईल.

धाकटा : आणि नंतर? पाच वर्षं मी हिला नाही नाही ते बोललो, तेव्हा?

बाबा : तेव्हा मी पुढच्या पाट्या वाचत होतो.

धाकटा : ताई.

ताई : काय?

धाकटा : बाबांना सांग, स्टेशन येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.

ताई : बाबा, हा म्हणतोय—

बाबा : ऐकलं.