दोन बोटं आखूड

— धरू नका म्हटलं ना, ताई, सोडा ती शिडी. पडद्यांच्या धंद्यात उभा जन्म गेला माझा, शिडीवरनं एकदाही पडले नाही — पडले ती स्वयंपाकघरात, सपाट फरशीवर, ते वेगळं. आणि कुणी शिडी धरली ना, की मला उगाच वाटतं खाली माझ्या पडण्याची वाट बघतायत. त्यापेक्षा तिथे बसा आणि मी काढते ते हूक झेला. हं. तर काय सांगत होते — पडदे आखूड झालेत हे मला मान्य आहे. चांगले दोन बोटं आखूड आहेत, खालून उजेड येतोय, मी काही आंधळी नाही. पण दोष कापडाचा. हल्लीची कापडं आटतात. न धुता? हो, न धुताही आटतात, हवेनं. हसू नका. या इमारतीतलं हे तिसरं घर — वरच्या मास्तरीणबाईंचे आखूड, समोरच्या दातांच्या डॉक्टरांचे आखूड, आता तुमचे. सगळं कापड एकाच दुकानातलं. मी त्या कापडवाल्याला असा काही झापला, असा झापला, की त्यानं निमूट अख्खा तागा परत घेतला आणि वर मला चहा पाजला. चूक असल्याशिवाय कोण चहा पाजतं?

तो हॉर्न? वाजू द्या. आमची लेक आहे, खाली गाडीत बसलीये. मला न्यायला आलीये, आज माझी हाडांची चाचणी आहे. म्हणजे हाडं किती भरीव राहिलीत ते बघतात म्हणे. टेबलावर पडून राहायचं, वरनं यंत्र फिरतं, टोचत नाही, दुखत नाही — सगळं मला चारचारदा समजावून झालंय, जसं काही मी चाचणीला घाबरतेय. चाचणीला कोण घाबरतंय? चाचणी काय करणार? सांगणार. आणि सांगितलं की ऐकणं आलं. लेकीनं आधीच जाहीर केलंय, रिपोर्ट वाईट आला तर शिडी भंगारात. मग लोकांच्या खिडक्यांशी कोण चढणार? माझी जाऊ? धंदा आम्हा दोघी जावांचा आहे खरा — ती शिवते, मी मापं घेते नि टांगते — पण तिला पाटावर उभी केली तरी गरगरतं. मग मी काय, मागच्या खोलीत बसून हूक मोजायचे? वरून घर कसं दिसतं तुम्हाला माहीत नाही, ताई. खालून सगळ्यांची घरं सारखीच. वर आलं की कळतं. तुमच्या कपाटावर बॅडमिंटनची रॅकेट पडलीये, माहीत होतं? बघा. हरवली म्हणून नवऱ्याशी भांडला असाल.

मनगट ना, ते जरा आखडलंय, बाकी काही नाही. म्हणजे प्लास्टर होतं, काढलं आता. अहो, ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला, झालं. पडले असंही म्हणता येणार नाही, बसले म्हणा. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं मोडायला नको होतं. 'नको होतं' म्हणजे काय? मोडलं ना! त्यावरनंच या चाचणीचं खूळ निघालं. वाईट निघालं तर गोळ्या देतील, उपाय आहेत म्हणाले, चांगला माणूस आहे. पण आपल्याला दिसत नाही ते कशाला उकरून काढायचं? आमच्या आक्कानं नाही केली. माझी थोरली बहीण. तिलाही सांगितलं होतं, ती म्हणाली मला काय धाड भरलीये. आणि खरंच काही झालं नाही — एके दिवशी खुर्चीत जरा दणकन बसली आणि पाठीचा मणका दबला. बसली हो, नुसती. आता इतकी वाकलीये की माणसं चपलांवरनं ओळखते. मी गेले की म्हणते, अगं, नवीन घेतल्यास वाटतं! मी दर वेळी जुन्याच चपला घालून जाते, तर आपली कौतुक करते. मला तिथून निघाल्यावर रडू येतं, ते सोडा. हे घ्या, हूक.

टेप? टेप लागते नवशिक्यांना. या इमारतीत सगळ्या घरांना एकच उंची, सगळे रॉड एका रेषेत, इथलं माप माझ्या अंगावर आहे. दुकानात उभं राहायचं, हात सरळ वर करायचा, कापड चिमटीत धरायचं, वर एक वीत जादा सोडायची, आणि खालचं टोक जमिनीला टेकलं की काप. इतकी वर्षं झाली, एक पडदा चुकलेला नाही. तुमच्या आतल्या खोलीतले? ते माझेच की, तुमच्या सासूबाई होत्या तेव्हाचे. ते बरोबर आहेत? अजून टेकतात जमिनीला? कितीदा धुतले असतील हो तुम्ही ते — आणि आटले नाहीत?

आणा बरं एक. नाही, काढून आणा, मी उतरते. उतरते मी, हात नको. द्या इकडे. हे बघा, असं — हात सरळ वर, चिमूट, वर एक वीत. आता खाली बघा आणि सांगा, टेकलाय ना?

लोळतोय?

थांबा, हात नीट ताणला नाही मी. आता? टाचा उचलल्या की बरोबर येतंय, नाही का? बरोबर येतंय. हं. टाचा उचलून कोण माप घेतं, ताई.

दोन बोटंच ना? नको, मोजू नका.

बिचारा कापडवाला. चहा पाजला हो त्यानं मला.

तुमचे पडदे नवीन शिवून देईन, कापड माझं. जाऊला टेप घेऊन पाठवते. वर ते दोन हूक राहिलेत, तेवढे काढते आणि जाते. खिडकीतून सांगा लेकीला, येतेय म्हणावं, हॉर्न बंद कर, लोक राहतात इथे.

बघताय काय? धरा की शिडी.