बायकांच्या बोलीत उत्तर

वोलेते: ते विद्यापीठाचं पत्र, मास्तर. आमच्या बायकांच्या बोलीचे शब्द मागणारं. त्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, बरं केलंत.

केंफे: वर्ष झालं त्याला, अक्का. लिहायला बसायचो आणि वाटायचं, मी कोण देणारा? उभ्या का? कॉफी ठेवतो.

वोलेते: कॉफी नको. तुमच्या सुनेकडून येतेय.

केंफे: सून, तेरेफेच, अजून त्याच बोलीत बोलते? सर्मोलोला मी बजावलं होतं. देवीच्या घरात ती बोली शिकलेली पोर आहे, तिला आईवरून बोललास, आता मेंढी आण, लोणी आण, सगळ्या बायकांसमोर वाक. त्याशिवाय ती आपल्या भाषेत परत यायची नाही.

वोलेते: तुमचा मुलगा मेंढी आणणारा? चुलीशी जाऊन बसला. ती तिच्या बोलीत एवढंच म्हणाली, मला माहेरी पोचवा. त्यावर त्यानं उत्तर दिलं.

केंफे: काय म्हणाला?

वोलेते: काय ते राहू द्या. कोणत्या बोलीत ते विचारा.

केंफे: आपल्याच ना?

वोलेते: आमच्या. उच्चार वेडावाकडा, शब्द मात्र बरोबर. वर हसला. म्हणे, बोल अजून, मला सगळं कळतं. दुखावलेली बाई त्या बोलीत जाऊन बसते, मास्तर, आणि पुरुष दाराबाहेर थांबतो. हा आत शिरला.

केंफे: माझी शब्दांची यादी त्यानं टाइप करून दिली. मला वाटलं, नुसती बोटं चालवतोय. तेरेफेच काय म्हणते?

वोलेते: काही नाही. आपल्या भाषेत नाही, अम्हारिकमध्ये नाही, त्या बोलीतही नाही. कोचोच्या भाकरीचा तुकडा ओठाला लावला तर तोंड फिरवते. गाऊन झालं, लोणी चोळून झालं. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. असं कधी झालंच नव्हतं.

केंफे: मी येऊन बोलू तिच्याशी?

वोलेते: कशात बोलाल?

(केंफे उठतो, पुन्हा बसतो.)

केंफे: शब्द तुमच्या बहिणीनंच, देन्बवेतनंच दिले, अक्का. दुखण्यात आपणहून सांगायची. म्हणायची, मुली आता शिकत नाहीत, माझ्याबरोबर सगळं मातीत जाईल.

वोलेते: ठाऊक आहे. मी दाराशी होते. बोलले नाही. म्हटलं, ज्याला बाजारात भाव विचारायलाही लाज वाटते, तो कुणाला सांगणार?

केंफे: आता काय करायचं?

वोलेते: तुमचे कागद द्या. तिच्या डोळ्यांदेखत चुलीत घालते. कानात सांगते, आता हे बाहेर कुणाकडे नाही. सर्मोलोला आम्ही बघून घेऊ. तेवढं ऐकलं तर पोर तोंड उघडेल. नाहीतर ही जगत नाही, मास्तर. अन्न सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

केंफे: घ्या. हे सगळं. देन्बवेतच्या वेळचंही यातच आहे.

वोलेते: हे हातानं लिहिलेलं. टाइप केलेलं कुठंय?

केंफे: तुम्ही हे जाळा ना. तिला तेवढंच सांगा.

वोलेते: सांगायचं त्याच बोलीत आहे. त्या बोलीत खोटं बोलणार नाही, अशी शपथ घेऊन आम्ही ती शिकतो. टाइप केलेलं कुठंय?

केंफे: अक्का, त्या पत्राला मी उत्तर दिलं.

वोलेते: कधी?

केंफे: सोमवारी. वोल्कितेला जाऊन, यादीसकट, स्वतः पोस्टात टाकलं.

वोलेते: हळू बोला. माझ्याबरोबरच्या बायका अंगणात आहेत.