टाकीच्या पोटातली गळती

हार्डवेअरच्या दुकानात एकजण झिजलेला वॉशर मुठीत धरून उभा होता. त्याच्या पुढच्या काकू काउंटरवर कोपर रोवून दुकानदाराशी बोलत होत्या.

“नवा गीझर दाखवा.”

“काकू, तुमच्या मुलाचा फोन आला होता. आई नवाच मागेल, पण तुम्ही वॉशर द्या, म्हणाला.”

“तीन वॉशर घालून झाले! जोडातून गळलं तर वॉशर बदलावा. इथे टाकीचं पोटच सडलंय, नळाला तांबडं पाणी येतंय. चौदा वर्षं राबलाय बिचारा, अजून किती राबवायचा?”

“तरी मुलाला एकदा विचारलं असतं तर...”

“कशाला? तो आंघोळ त्याच्या घरी करतो.”

“बरं, उद्या माणूस पाठवतो.”

“आणि सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा नवाच लावायचा. जुनाच ठोकून वेळ मारून न्यायची नाही. मी समोर उभी राहणार आहे.”

दुकानदाराने पावती फाडली आणि मागे पाहिलं.

“तुम्हाला काय हवंय?”

“असाच वॉशर. आईच्या गीझरला.”

काकू गर्रकन वळल्या.

“गळतोय कुठून?”

“आई म्हणते, टाकीतून.”

“मग वॉशर कोण म्हणतंय?”